केबल काढण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केबलला महिन्याला साडेचारशे रुपये जातात. घरात फायबरचं इंटरनेट आहे. टीव्ही स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. सासूबाईंच्या संध्याकाळच्या मालिका चुकायला नकोत. केबल बंद करावी का? (एक वाचक, नाशिक)

ताई, आधी आठवडाभर घरात खरोखर कोणत्या वाहिन्या लागतात ते लिहून काढा. झी मराठी झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, तर सन मराठी सन नेक्स्टवर आहे. सासूबाईंच्या मालिका एक-दोन ॲपमध्ये बसल्या तर पैसे वाचतील. चार वर्गण्या भराव्या लागल्या, तर बचत बहुधा उरणार नाही. बातम्यांसाठी वेगळे पैसे लागत नाहीत, बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात.

वर्गणी घेताना एक गोष्ट नीट वाचा. सगळ्यात स्वस्त योजना पुष्कळदा फक्त मोबाइलसाठी असते, टीव्हीवर ती उघडतच नाही. शिवाय तुमच्या फायबरच्या प्लॅनमध्ये एखादं ॲप आधीच मिळत असेल, तेही पाहा.

टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा, म्हणजे एचडीएमआयच्या खाचेत बसणारं आणि इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण. तिला वीज द्यायची ती सोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच. टीव्हीच्या यूएसबीतून पुष्कळदा अर्धा ॲम्पियरच मिळतो आणि स्टिकला साधारण एक लागतो. वीज कमी पडली की मालिका ऐन रंगात असताना स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि लोक दोष इंटरनेटला देतात. टीव्हीच्या पाठीमागे वायफायही अडतं, म्हणून खोक्यातली छोटी एचडीएमआय जोडवायर वापरून स्टिक थोडी बाहेर काढा. राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. वेग मोबाइलवर न मोजता टीव्हीवरच मोजा. एचडीला ५ एमबीपीएस पुरतो, फोरकेला २५ धरून चला.

आता सासूबाईंचं. केबलवर आकडा दाबला की वाहिनी लागते, इथे आधी ॲप आणि मग मालिका शोधावी लागते. त्यांचं ॲप पहिल्या जागेवर आणून ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी सुरू करा, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्ही चालू होऊन योग्य इनपुटवर येईल. केबल सुरू ठेवूनच महिनाभर हे चालवून बघा. त्या स्वतःहून मालिका लावू लागल्या की मगच केबल काढा. बॉक्स परत देताना पावती घ्या आणि अनामत भरली असेल तर मागा. इंटरनेटही त्याच केबलवाल्याचं असेल, तर एकत्र प्लॅनचा दर बदलतो का, हे आधी विचारा.

हे जमणार नसेल तर वाहिन्याच कमी करा. ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाने ठरवलेलं महिन्याचं मूळ शुल्क १३० रुपये होतं, १८ टक्के जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ पासून कंपन्यांना हे शुल्क स्वतः ठरवायची मुभा आहे. बाकीचं बिल सशुल्क वाहिन्यांचं असतं. पॅक मोडून लागतात तेवढ्याच वाहिन्या सुट्या घेतल्या तर फरक पडतो.

प्रश्न : गावात फायबर नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालेल का? (रत्नागिरी जिल्हा)

रोजच्या वापराला नाही. एचडीत तासाला साधारण ३ जीबी जातात, म्हणजे रोजचे २ जीबी पाऊण तासातच संपतात. तुमच्यासाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा बरी. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, मासिक बिल नाही. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असतो, डिशचा रोख तिकडेच ठेवावा लागतो. त्या दिशेला माड किंवा आंबा आडवा येत नाही ना, ते आधी बघा. बॉक्स एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचा घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. खासगी वाहिन्या लिलावातून येतात-जातात, त्यामुळे अधूनमधून पुन्हा स्कॅन करावं लागतं. आपल्या मुसळधार पावसात सिग्नल जाणारच, थोडी मोठी डिश घेतली तर कमी जातो. पाऊस थांबूनही चित्र आलं नाही, तर एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर बसवलेल्या सिग्नल घेणाऱ्या डबीच्या जोडात पाणी शिरलंय का ते तपासा. वायर जोडाखाली वळसा देऊन लावा, म्हणजे पाणी खालच्या खाली ठिबकतं.

प्रश्न : ॲपवर सामना बघताना केबल असलेले शेजारी आमच्या आधी ओरडतात. असं का? (पुणे)

इंटरनेटवरचं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि ॲप दोन-तीन तुकडे साठवूनच दाखवतं. त्यामुळे ते केबलच्या मागे राहतं, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. वेगवान प्लॅन घेऊन हे सुटत नाही. मध्ये पॉज केलं असेल तर 'लाइव्ह'वर दाबून पुढे या, तेवढंच आपल्या हाती.

प्रश्न : ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले गेले. (सोलापूर)

ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ज्या वाटेनं घेतली त्याच वाटेनं रद्द करा: संकेतस्थळावरून घेतली असेल तर तिथल्या खात्यात, प्ले स्टोअरवरून घेतली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये. मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून आपोआप पैसे कापायची मंजुरीही काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. जाहिरात समजून ती पुसू नका, रद्द करायला तेवढाच वेळ मिळतो.