पोलिसांनी घरच्या माणसाला उचलून नेलं तर संविधानातल्या हक्कांचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो. आमच्या घरात झालाय, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ एका गोदामात कामाला होता. तिथला माल गायब झाला आणि संध्याकाळी पोलीस त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. अटक केली की नुसतं चौकशीला नेलं, कुणी सांगेना. काका म्हणाले, "मधला माणूस गाठू, पैसे देऊन मिटवू. कायदाबियदा पुस्तकात." आई गळ्यातलं काढायला निघाली. मी तिला बसवलं आणि शेजारच्या वहिनींना घेऊन ठाण्यावर गेले.

ठाणे अंमलदार मान वर करेना. त्याच्या पाठीमागे भिंतीवर डी. के. बसू खटल्यातल्या, अटक कशी करायची याच्या सूचनांचा फलक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालापासून तो प्रत्येक ठाण्यात लावावाच लागतो. मी तोच मोठ्याने वाचायला लागले. अटकेच्या मेमोवर, म्हणजे अटकेची नोंद असलेल्या कागदावर, तारीख-वेळ हवी, घरच्या किंवा वस्तीतल्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं. म्हटलं, "मेमो दाखवा, सही मी करते. अटक नसेल तर आत्ता सोडा." आवाज चढले, वहिनी घाबरल्या, पण शेवटी स्टेशन डायरीत नोंद झाली, वेळेसकट. सगळं त्या वेळेवर असतं. कलम 22 प्रमाणे अटकेपासून प्रवास वगळून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, आणि वेळ एकदा कागदावर आली की ती मागेपुढे सरकवणं अवघड जातं. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी भावाला समोरच विचारलं, मारहाण झाली का? विधी सेवेचा वकील फुकट मिळाला. पोलीस कोठडी नाकारली गेली, जामीन झाला.

हे कलम 22 आधीच्या मसुद्यात नव्हतं. घटना समितीत 'ड्यू प्रोसेस'चं, म्हणजे योग्य आणि न्याय्य प्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही याचं संरक्षण वगळलं गेलं, त्यावर बरीच नाराजी झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सप्टेंबर 1949 मध्ये ते 15-अ म्हणून मांडलं; तेच पुढे 22 झालं. मी शिक्षिका आहे. 26 नोव्हेंबरला उद्देशिका वाचून झाली की मुलांकडून 22 सुद्धा वाचून घेते.

काका अजून म्हणतात, साहेब चांगला भेटला म्हणून निभावलं. साफ चूक. साहेबाला नोंद करायची नव्हती, करावी लागली. पैसे दिले असते तर ती रात्र कुठल्याच कागदावर आली नसती आणि गोदामात पुन्हा काही हरवलं की पुन्हा माझ्याच भावाला नेलं असतं.

हो, एमपीडीएसारख्या, गुन्हा घडू नये म्हणून आधीच अडकवून ठेवणाऱ्या कायद्याखाली स्थानबद्ध केलं असेल तर 24 तासांचा नियम चालत नाही. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. आणि ठाण्यात कुणी दादच दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना तिथूनच ई-मेल करा, त्यावर वेळ आपोआप पडते. सोबत कुणालाही न्या, फक्त "मिटवून टाकू" म्हणणाऱ्या काकांना नेऊ नका.