लासलगाव आणि बगदाद

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. कांद्याचा भाग फक्कड जमलाय. डिसेंबर 2023 मध्ये रातोरात निर्यातबंदी आली आणि नाशिककडच्या बाजार समित्यांत लिलाव थांबले. लाल कांदा टिकत नाही, तो चाळीत भरून भाव वाढायची वाट बघता येत नाही, हे बारीक सत्य तू बरोब्बर पकडलंस. शेतकऱ्याच्या घरचा आहेस, ते दिसतं.

पण शेवटच्या पानावर तुला काय झालं? ‘स्वातंत्र्यप्रेमी माणसाने हुकूमशहांना लष्करी बळाने हटवण्याला पाठिंबाच द्यायला हवा.’ अरे, आधीची चार पानं तू म्हणतोस की दिल्लीत बसून लासलगावचा भाव ठरवता येत नाही. मग वॉशिंग्टनमध्ये बसून बगदाद कसं चालवता येईल? की सरकारने खाकी कपडे घातले की त्याला अचानक अक्कल येते?

इराकचंच बघ. अमेरिकेने सद्दामला हटवल्यावर तिथला कारभार बघायला नेमलेले पॉल ब्रेमर 12 मे 2003 ला बगदादला पोचले. 16 तारखेला आदेश क्रमांक 1 निघाला: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढा. 23 तारखेला क्रमांक 2: इराकी सैन्य बरखास्त. येऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. कागदावर दोन्ही आदेश स्वच्छ, हुकूमशाहीची मुळं उपटणारे. पण सद्दामच्या राज्यात मोठ्या जागेवर चढायचं तर पक्षाचं सदस्यत्व लागायचंच, त्यामुळे पहिल्या आदेशात हजारो शिक्षकही गेले. आणि दुसऱ्याने लाखो माणसं घरी बसवली, ज्यांना बंदूक चालवता येत होती, कोठारं कुठे आहेत ते ठाऊक होतं आणि ज्यांचा पगार बंद झाला होता. पुढे बंडखोरांत आणि नंतर ‘इस्लामिक स्टेट’मध्ये सद्दामचे जुने अधिकारी सापडले, यात नवल ते काय! अर्थशास्त्रज्ञ हायेकने 1945 मध्ये बाजाराबद्दल जे सांगितलं, की लागणारी माहिती हजारो माणसांत विखुरलेली असते आणि एका टेबलावर कधीच गोळा होत नाही, ते इथेही लागू पडतं. तू लेखात हायेक आणलास, पण शेवटच्या पानावर त्याला सोडून दिलंस.

अमेरिकेतल्या बऱ्याच लिबर्टेरियन मंडळींनी, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी असावा असं मानणाऱ्यांनी, हे वेळेवर सांगितलं होतं. ऑक्टोबर 2002 मध्ये प्रतिनिधीगृहात युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन फक्त सहा, त्यांतले एक रॉन पॉल. 2007 च्या मे महिन्यात साउथ कॅरोलिनात रिपब्लिकन उमेदवारांच्या वादसभेत ते म्हणाले: आपण त्यांच्या देशांत ढवळाढवळ करतो, म्हणून ते आपल्यावर हल्ले करतात. न्यूयॉर्कचे माजी महापौर जूलियानींनी तिथल्या तिथे शब्द मागे घ्यायला सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या त्या जूलियानींसाठी. पॉल यांनी मग दाखला दिला तो 1953 चा: इराणात आपण शहाला बसवलं, ते आपल्या अंगाशी आलं. तो भाग शोधून बघ. टाळ्या पडत असताना म्हाताऱ्याचा चेहरा कसा आहे ते बघ.

मात्र ‘सगळे लिबर्टेरियन युद्धविरोधी’ असंही लिहू नकोस, ते खोटं ठरेल. रँडी बार्नेट या घटनातज्ज्ञाने 2007 मध्येच मांडलं की लिबर्टेरियन तत्त्वांवरून परराष्ट्र धोरणाचं उत्तर आपोआप निघत नाही. आणि अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं घर तर बघच. 2006 च्या एका मुलाखतीत मिल्टन म्हणतात, इराक हे आक्रमण होतं, माझा पहिल्यापासून विरोध. त्यांच्या पत्नी रोझ म्हणतात, मुळीच नाही. जन्मभर एकत्र पुस्तकं लिहिलेलं जोडपं! मला ही गोष्ट फार आवडते.

आता तुझ्या लेखातली खरी पळवाट. तू 1971 टाळलंस. का टाळलंस ते मला कळतं, कारण ते कुठल्याच चौकटीत बसत नाही. सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, 3 डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला, तेरा दिवसांत युद्ध संपलं. कट्टर लिबर्टेरियनही इथे अडखळतो आणि अडखळायलाच हवं. माझं मत विचारशील तर मला विजयापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं: मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य ढाक्याहून परतलं. तिथलं राज्य कसं चालवायचं ते आपण ठरवत बसलो नाही. त्याच्या शेजारी श्रीलंका ठेव. 1987 मध्ये शांतिसेना म्हणून गेलो, 1990 मध्ये परतलो, सुमारे 1,200 जवान गमावून.

गोव्याचंही लिही, पण जपून. स्वतंत्र पक्षाच्या राजाजींनी 1961 च्या लष्करी कारवाईवर टीका केली होती. मी हे एकदा म्हापशाच्या मामांना सांगितलं. मामा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्तुगालच्या हुकूमशहाचं नाव घेऊन म्हणाले, ‘सालाझार आम्हांला विचारून आला नव्हता.’ हे उत्तर राजाजींना पुरलं असतं की नाही मला ठाऊक नाही, पण तुझ्या लेखात ते हवं. मामांचं नाव घालू नकोस म्हणजे झालं.

शेवटचं पान फाड आणि 1971 पासून सुरुवात कर. कांद्याला हात लावू नकोस. दिवाळीआधी पाठवलंस तर निवांत वाचीन, नंतर घरात पाहुणे आहेत.