रेस हातातून गेलीये हे कळल्यावरही जीव तोडून पळायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की खेळाडू उठसूट 'बेस्ट द्या' सांगतात, पण निकाल आधीच ठरल्यात जमा असेल तर जोर लावून फायदा काय, आणि तुमचा प्रोजेक्ट बंद होणार हे माहीत असताना त्यात जीव ओतायचा का. मी कॉलेजला 5000 मीटर पळायचो, फार काही दिवे लावले नाहीत, गाडी जिल्ह्याच्या पुढे कधी गेलीच नाही, पण या विषयावर माझं मत पक्कं आहे आणि त्याला कारण आपल्या बीडच्या अविनाश साबळेची दोहाची रेस.

2019 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, 3000 मीटर स्टीपलचेस. ज्यांनी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी, साडेसात राऊंड, 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाण्यावरची उडी. अडथळा तीन फूट उंच, आणि साध्या हर्डलसारखा धक्का लागला की आडवा होणारा नाही, चांगला जाडजूड असतो, पाय अडकला तर तुम्ही पडता, तो तिथेच उभा. तर हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या पात्रता फेरीत, इथिओपियाच्या एका धावपटूमुळे साबळे एकदा नाही, दोनदा अडकला. या रेसमध्ये लय तुटली की पुढच्या अडथळ्याला पावलं जुळत नाहीत, मग आखूड पावलं टाकत सगळं परत बसवायचं आणि तोवर घोळका निघून गेलेला असतो. सातवा आला, म्हणजे बाहेरच. पण टायमिंग काय तर 8:25.23, नॅशनल रेकॉर्ड! धडपडून, परत वेग पकडून नॅशनल रेकॉर्ड, मला तर आधी खरंच वाटेना.

मग भारताने अपील केलं, ते मान्य झालं आणि त्याला फायनलमध्ये घेतलं. आता खरी गंमत ऐका. ॲथलेटिक्सच्या नियमातच असं आहे की दुसऱ्यामुळे अडथळा आला तर खेळाडूला पुढच्या फेरीत घेता येतं, पण साधारणपणे त्याने ती रेस प्रामाणिक जोर लावून पूर्ण केलेली पाहिजे. म्हणजे चिडून ट्रॅकच्या बाहेर गेला असता तर चूक समोरच्याची असूनही अपील लंगडं पडलं असतं. फायनलमध्ये तो तेरावा आला, मेडलच्या आसपास पण नाही, पण वेळ 8:21.37 आणि ऑलिंपिकची पात्रता होती 8:22.00, झालं टोकियोचं तिकीट. तेरावा नंबर म्हणजे अपयश असं म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

अजून एक, 'कायम 110 टक्के द्या' हे जे पोस्टरवर लिहितात ते लिहिणारा कधी लांबचं पळालेला नसतो. पहिल्या राऊंडलाच सगळा दम काढला तर पाचव्या राऊंडला पोटात कळ येते आणि मागची पोरं हसत पुढे जातात. आमचे सर पहिल्या राऊंडचं टायमिंग विचारलं तरी सांगायचे नाहीत, शेवटच्या चारशे मीटरचं मात्र वहीत लिहून ठेवायचे. बेस्ट म्हणजे आज अंगात जे आहे ते नीट वाटून संपवणं. साबळेने 2018 ला गोपाळ सैनींचा 1981 चा नॅशनल रेकॉर्ड मोडला तो 8:29.80 मध्ये, 2024 ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये (जगातल्या टॉप ॲथलीट्सची स्पर्धा) 8:09.91. सहा वर्षांत जवळपास 20 सेकंद, तेही थोडी थोडी करत. मधे 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर घेतलं, जिथे 1998 पासून या प्रकारातली तिन्ही मेडलं केनियावालेच घरी न्यायचे, आणि गोल्ड हुकलं फक्त 0.05 सेकंदांनी.

आता तुमचं ऑफिस. प्रोजेक्ट बंद होतोय तर रात्री अकरापर्यंत बसून फुकट ओव्हरटाइम करू नका, तो बेस्ट नाही, तो कंपनीला आहेर आहे. पण जेवढं तुमच्या वाट्याचं आहे ते अर्धवट टाकू नका, डॉक्युमेंट्स, हँडओव्हर, टेस्टिंग सगळं चोख करून द्या, कारण पुढच्या टीममध्ये घेताना किंवा अप्रेझलला तुमच्या बाजूने कोणी बोलायला गेलंच तर त्याच्या हातात दाखवायला काहीतरी पाहिजे ना. आणि हो, अप्रेझल खराब आलं तर अपील जरूर करा, आपल्याकडे लोक नुसतं चहाच्या टपरीवर कुरकुरतात.