मुलगा शिकागोत 'मिस्टर के' झालाय, त्याला परत बोलावू का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी त्याचा सारांश आधी देतो. तुमचा मुलगा संख्याशास्त्राचा पदवीधर. पुण्यात एका कंपनीत चार वर्षं डेटा ॲनालिस्ट होता, पगार चांगला होता. ती नोकरी सोडून आणि ३८ लाखांचं कर्ज काढून तो शिकागोला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायला गेला. आता दुसरं वर्ष चालू आहे. फील्डवर्कसाठी त्याला शहराच्या साउथ साइड भागातलं एक हायस्कूल मिळालंय. कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी काम करणारी एक सेवाभावी संस्था तिथे दर आठवड्याला मुलांचा गट भरवते आणि तो त्यात बसतो. मुलं त्याला 'मिस्टर के' म्हणतात. दिवाळीत त्याने फोनवर सांगितलं, "आई, मी इथेच राहणार. दहा वर्षांत अशी संस्था मी स्वतः चालवेन." त्या दिवसापासून तुम्हाला झोप नाही. तुम्ही विचारलंय की यात पैसा आहे का आणि जिवाला धोका आहे का. शेवटी लिहिलंय, "त्यांच्या मुलांचं त्यांनी बघावं, आपला काय संबंध?"

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तुमच्या मुलाने पुढे काय करावं, याचं उत्तरही मला तिथेच सापडतं.

संबंध आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव डोळ्यांसमोर ठेवून. पण एक गोष्ट बघा. यांपैकी कुणीही तिकडच्या माणसांचं पुढारपण करायला गेलं नाही. त्यांनी तिकडून घेतलं आणि आपल्या माणसांत येऊन वापरलं.

म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. त्याला परत बोलावू नका. पण संस्थेच्या प्रमुखाच्या खुर्चीचं स्वप्न त्याने बाजूला ठेवावं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लागणारं एक काम त्याला उत्तम येतं, ते म्हणजे अशा कार्यक्रमांचा उपयोग किती होतो ते मोजणं. त्याने ते हाती घ्यावं.

या संस्था कुणी उभ्या केल्या ते पाहू. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही कृष्णवर्णीय व्यावसायिक आणि अधिकारी एकत्र आले आणि 'वन हंड्रेड ब्लॅक मेन' सुरू झाली. पुढे न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले डेव्हिड डिंकिन्स त्यांत होते, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनही होते. १९८६ मध्ये तिचं राष्ट्रीय संघटनेत रूपांतर झालं. 'मुलांना जे दिसेल, तेच ती होतील' अशा अर्थाचं तिचं ब्रीद आहे. म्हणजे मुलासमोर त्याच्यासारखाच दिसणारा वकील, डॉक्टर, बँकर येऊन बसतो, हेच निम्मं काम. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात १९९५ मध्ये खारी लझार-व्हाइट आणि जेसन वॉर्विन या ब्राउन विद्यापीठातल्या दोन मित्रांनी 'ब्रदरहुड सिस्टर सोल' ही संस्था उभी केली. लझार-व्हाइट येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. कुठल्याही बड्या फर्ममध्ये गेले असते, पण त्यांनी आयुष्याची अनेक वर्षं त्या संस्थेला दिली.

आणि शिकागोतलं उदाहरण तर तुमच्या मुलाला पाठ असेल. 'बिकमिंग अ मॅन', म्हणजे बॅम. 'यूथ गायडन्स' या जुन्या संस्थेत २००१ मध्ये अँथनी रामिरेझ-दी व्हित्तोरिओ यांनी ती सुरू केली. मुलं त्यांना टोनी डी म्हणत. शिकागोच्याच वस्तीत, घरात वडील नसताना ते वाढले होते. गट गोल बसतो. प्रत्येक जण आधी सांगतो की आज शरीर कसं आहे, डोक्यात काय चाललंय, मनात काय आहे. मोठा माणूसही सांगतो, त्याला सूट नाही. सचोटी, जबाबदारी, राग नीट व्यक्त करणं, स्त्रियांचा आदर अशी सहा मूल्यं ठरलेली आहेत, पण त्यांवर व्याख्यान होत नाही.

त्यातला एक खेळ सांगतो. मुलांच्या जोड्या लावतात. एकाला चेंडू देऊन मूठ घट्ट मिटायला सांगतात. दुसऱ्याला म्हणतात, तीस सेकंदांत चेंडू मिळव. मग खोलीत एकच झटापट. बोटं पिरगाळली जातात, कुणी कुणाला खाली लोळवतो. वेळ संपली की चेंडू दुसऱ्याकडे, पुन्हा तोच गोंधळ. सगळे धापा टाकत बसले की समुपदेशक विचारतो, "चेंडू मागून कुणी पाहिला?" कुणीच नाही. "का नाही मागितला?" "मागितला असता तर त्याने मला नेभळट समजलं असतं." मग तो समोरच्याकडे वळतो. "याने मागितला असता तर दिला असतास?" मुलगा खांदे उडवतो. "दिला असता की. चेंडूच तर आहे."

मुलाच्या तोंडून आलेल्या त्या शेवटच्या वाक्यासाठी सगळा खटाटोप असतो. रस्त्यावर ज्या क्षणी हात उठतो किंवा पिस्तूल निघतं, त्याच्या आधी मनाला एक श्वास घ्यायला शिकवायचं.

याचा उपयोग होतो का? इथे तुमच्या मुलाचं शास्त्र कामाला येतं. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९-१० मध्ये १८ शाळांतल्या २,७४० मुलांवर पहिला अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी केली. काहींना गटात घेतलं, काहींना नाही. पुढे दुसराही अभ्यास झाला. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. पहिल्या अभ्यासातल्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाणही १२ ते १९ टक्क्यांनी वाढलं. अटकांवरचा परिणाम मात्र कार्यक्रम संपल्यावर ओसरला, हेही त्याच संशोधकांनी लिहून ठेवलं. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा स्वतः शिकागोतल्या हाइड पार्क अकॅडमी या शाळेत जाऊन त्या गोलात बसले आणि आपणही वडिलांविना वाढलो, चुका केल्या, हे मुलांना सांगितलं. वर्षभराने, २७ फेब्रुवारी २०१४ ला, व्हाइट हाउसमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलग्यांसाठीचा 'माय ब्रदर्स कीपर' उपक्रम जाहीर केला. टोनी डींचा गोल नसता तर मोजायला काही नव्हतं. आणि मोजलं गेलं नसतं तर देणगीदारांपुढे ठेवायला गोष्टींपलीकडे काही उरलं नसतं.

आता माझं थोडं. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा. दोन-तीन वर्षांत आमच्या कोपऱ्यावर पोरं नुसती उभी राहू लागली, आणि त्यांना 'काम' देणारी माणसंही आली. साउथ साइडलाही सरोवराकाठी यूएस स्टीलचा साउथ वर्क्स कारखाना होता, ऐन भरात तिथे २० हजार माणसं कामाला होती. १९९२ मध्ये तो बंद झाला. आमच्या व्यायामशाळेत अण्णा होते, स्वतः साचेवाले, त्यांचीही नोकरी गेलेली. संध्याकाळी सहाला मैदानात दिसलो नाही की सव्वासहाला ते दारात. "काय रे, ताप आलाय?" एवढंच विचारायचे. आम्ही निमूटपणे चपला घालायचो. त्याच काळात बाहेरून एक गृहस्थ यायचे. भला माणूस. वह्या आणायचे, इंग्रजी शिकवायचे, माझ्याशी बुद्धिबळ खेळायचे. एक दिवस यायचे थांबले. मी कितीतरी रविवार पट मांडून बसायचो. आपलंच काही चुकलं असणार, असं मला बराच काळ वाटत राहिलं.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं नाही. मुलांना मोठ्या माणसाची मार्गदर्शक म्हणून जोड देणाऱ्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या अमेरिकी संस्थेतल्या मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शकाशी नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं तिथे मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलं तिथे मुलांना स्वतःबद्दल वाटणारी किंमत आधीपेक्षाही घसरली.

तुमच्या मुलाचा व्हिसा इथे आडवा येतो. पदवीनंतर त्याला ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येईल. इंजिनिअरिंग किंवा डेटा सायन्सवाल्यांना जी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळते, ती समाजकार्याच्या पदवीला नाही. साध्या सेवाभावी संस्थेने त्याच्यासाठी एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मागितला तर तो लॉटरीतून जाणार. म्हणजे नववीतल्या ज्या मुलाला तो आज 'मी आहे' म्हणतोय, तो मुलगा बारावीला जाईपर्यंत हा तिथे असेल याची खात्री नाही. पण विद्यापीठांना आणि विद्यापीठांशी संलग्न संशोधन केंद्रांना त्या लॉटरीची अट नाही. शिकागोत असे कार्यक्रम मोजणारी केंद्रं विद्यापीठातच आहेत. संख्याशास्त्र, चार वर्षांचा अनुभव आणि वर एमएसडब्ल्यू, म्हणजे गोलात बसून आलेला आकडेवाला माणूस! असा माणूस सहजी मिळत नाही. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून त्याने अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावं.

पैशांचं सांगतो. अमेरिकेत समाजकार्यकर्त्याचं मधलं वार्षिक वेतन २०२३ मध्ये ५८ हजार डॉलरच्या आसपास होतं. ३८ लाखांवर साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता ५१ हजारांच्या घरात जातो, म्हणजे साधारण सहाशे डॉलर. ओढाताण होईल, पण अशक्य नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका. तिकडचे सहकारी त्याला सांगतील की सेवाभावी संस्थेत दहा वर्षं केली की कर्ज माफ होतं. ती सवलत अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक कर्जांना आहे, आपल्या बँकेच्या कर्जाला नाही. समुपदेशनातच राहायचं ठरलं तर शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे तिथे स्वतंत्रपणे समुपदेशन करण्याच्या एलसीएसडब्ल्यू परवान्यासाठी पदवीनंतर ३,००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं, हेही हिशेबात धरा.

आणि प्रमुखाची खुर्ची? तिथले प्रमुख सांगतात त्यापेक्षा कागद जास्त सांगतो. अशा प्रत्येक मोठ्या संस्थेला दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरावा लागतो, तो कुणालाही पाहता येतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, प्रमुखाला किती मिळाले, सगळं त्यात असतं. त्याने आपल्या संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे फॉर्म वाचावेत. एकाच देणगीदारावर संस्था उभी असेल तर तो देणगीदार गेल्यावर काय होईल, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. प्रमुखाचा बराचसा दिवस देणगीदार, विश्वस्त मंडळ, शाळेचे मुख्याध्यापक यांच्यातच जातो. मुलांच्या गोलात बसायला मिळतं म्हणून ज्याला ती खुर्ची हवी आहे, त्याला ती मिळाल्यावर गोलच मिळत नाही.

धोक्याचं मी लपवणार नाही. अमेरिकेत १५ ते ३४ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मृत्यूचं पहिलं कारण खून आहे. म्हणजे सर्वांत मोठा धोका त्याच्यासमोर बसलेल्या मुलांना आहे, आणि त्यासाठीच तो गट भरतो. तो दिवसा, शाळेच्या वेळेत, शाळेच्या खोलीत काम करतो. घरभेटीला एकट्याने जायचं नाही, संध्याकाळी कुठल्या स्टेशनवर उतरायचं, हे त्याने तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून पाळावं. साउथ साइड म्हणजे एकच गल्ली नाही. तिथे शिक्षक, नर्सेस, बसचालक यांची भरलेली घरं आहेत.

ताई, पत्रात तुम्ही 'काळ्यांची पोरं' असा शब्द दोनदा लिहिलाय. भीतीपोटी लिहिलाय हे मला कळतं. पण पुढच्या फोनवर त्याला त्याच्या गटातल्या एखाद्या मुलाबद्दल विचारा. तो नाव सांगणार नाही, सांगूही नये. तो मुलगा कशावर हसतो, कशाला घाबरतो, एवढंच ऐका.

मग एक काम त्याच्यावर सोपवा. फील्डवर्क संपायची तारीख त्याला ठाऊक आहे. ती त्याने मुलांना आत्ताच सांगावी, शेवटच्या आठवड्यात नाही. त्याच्यानंतर गोलात कोण बसणार ते संस्थेला विचारून घ्यावं आणि त्या माणसाबरोबर निदान चार वेळा एकत्र बसावं. हे झालं की विद्यापीठाच्या केंद्रांतल्या जागांची यादी आणि ते तीन फॉर्म घेऊन त्याने मला थेट लिहावं. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दोघं मिळून बघू.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक