बीटा खेळणारेस ना, मग आधी हे वाच

अरे, स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) प्लेटेस्टचा, म्हणजे बीटा (गेम बाहेर यायच्या आधीची चाचणी आवृत्ती) खेळायचा ॲक्सेस मिळाला म्हणजे फुकट गेम मिळाला असं समजू नकोस, ती तपासणी असते आणि लेव्हल, गन्स, स्किन्स शेवटी बहुतेक वेळा पुसलं जातं त्यामुळे त्यात जीव अडकवू नको. डेस्टिनी या शूटिंग गेमचा बीटा जुलै 2014 मध्ये 46 लाखांवर लोकांनी खेळला, एवढी गर्दी मुद्दाम आणतात कारण सर्व्हर कुठे कोलमडतो हेच त्यांना बघायचं असतं.

ग्राफिक्स ड्रायव्हर आदल्या रात्रीच अपडेट कर, आणि आपल्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट जायची भीती असतेच तर राउटरला छोटा यूपीएस लावच. सिंगापूरचा सर्व्हर मिळाला की पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) वाढतो, नेम बरोबर असून गोळी लागत नाही, तो बग, म्हणजे गेममधली चूक, नव्हे रे.

खरा बग सापडला की नुसतं "गेम हँग झाला" लिहू नको. मी कोथरूडच्या रूमवर एकदा लिफ्टच्या दारात जेटपॅक मारला आणि थेट मॅपखाली पडलो, मग तेच तीनदा करून पाहिलं, कुठला मॅप, कुठली गन, किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), सगळं क्लिपसकट पाठवलं. असा रिपोर्ट डेव्हलपरला खरंच उपयोगी पडतो. आणि एनडीए (गुप्ततेचा करार) असेल तर क्लिप ग्रुपवर अजिबात टाकू नको, जिवलग मित्रालाही नाही.