टँकमधलं पाणी उडतं, मीठ मात्र तिथंच राहतं

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीला असतो. घरी २०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, त्यात झोआ आणि मशरूम ही प्रवाळं आणि दोन क्लाउनफिश. थंडी सुरू झाल्यापासून पाणी भराभर कमी होतंय, दिवसाला ३ लिटर तरी जातं. दर चार दिवसांनी मी मीठ कालवलेलं १२ लिटर पाणी घालतो तरी आठ दिवसांत खारटपणाचं रीडिंग ३५ वरून ३९ वर गेलंय आणि झोआ मिटून बसलेत. मिठाचा ब्रँड बदलू का?

उत्तर: नका बदलू, मिठात काही खोट नाहीये. आपल्याकडे भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहिली असतील ना, उन्हानं पाणी उडतं आणि वाफ्यात मीठ उरतं, तुमच्या टँकमध्ये अगदी तेच चाललंय, फक्त उन्हाच्या जागी तुमच्या घरातलं हीटिंग आहे, त्यानं हवा कोरडी पडते म्हणून थंडीत पाणी जास्त उडतं. उडालं ते नुसतं पाणी, मीठ सगळं आतच राहिलं, आणि तुम्ही त्यावर परत खारं पाणी घातलंत. हिशोब करून बघा, २४ लिटर खाऱ्या पाण्यातून ८४० ग्रॅम मीठ जास्तीचं आत गेलं, आधीचं ७ किलो होतंच, म्हणजे २०० लिटरमध्ये ७.८४ किलो, झाले ३९ पीपीटी (म्हणजे ढोबळ मानानं लिटरला ३९ ग्रॅम मीठ)! तुमचं रीडिंग तंतोतंत जुळतंय. तर उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं साधं पाणी घालायचं, आणि तेही रोजच्या रोज. चार दिवसांचं एकदम घातलं तर तोवर खारटपणा ३७ च्या वर जातो आणि मग घटकाभरात परत ३५ वर आपटतो, हे वर-खाली त्या बिचाऱ्या झोआंना सोसत नाही.

माशांचं एक वेळ चालून जातं, कारण त्यांच्याकडे जास्तीचं मीठ कल्ल्यांमधून बाहेर टाकायची सोय आहे. प्रवाळाकडे ती नाही, बाहेर जेवढं खारं तेवढंच त्याला आत व्हावं लागतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की कसं पाणी सुटतं, तसंच पाणी त्याच्या पेशींमधून बाहेर येतं आणि पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव) आक्रसतात. खरं तर लाल समुद्राच्या उत्तरेकडे खारटपणा ४० च्या आसपास असतो आणि तिथं प्रवाळ मस्त वाढतात, पण ते पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात आहेत. म्हणून मी ३५ की ३४.५ यावर वाद घालत नाही, आज आहे तेवढंच उद्या हवं, एवढंच बघते.

आता खाली आणायचं, पण घाई करू नका. रोज ५ लिटर टँकचं पाणी काढा आणि तेवढंच आरओचं घाला (उडालेल्या ३ लिटरचं वेगळं), म्हणजे दिवसाला साधारण १ पीपीटी उतरेल, चार दिवसांत ३५ च्या जवळ याल.

यापुढे एटीओ (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) लावायचा विचार कराल तर माझा अनुभव सांगते. एका रात्री त्याच्या फ्लोट स्विचवर (पाणी कमी झालं की खाली येऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच) गोगलगाय चढून बसली, स्विच खालीच दबून राहिला आणि बाजूच्या ड्रममधलं २० लिटर गोडं पाणी संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) उतरलं. सकाळी खारटपणा ३२ च्या खाली, झोआ सगळे मिटलेले, झेनिया (हेही एक प्रवाळ) आडवी पडलेली, मला रडूच आलं. मग काही दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालत हळूहळू वर आणलं, पण झेनिया गेली ती गेलीच. तेव्हापासून ड्रम काढून टाकला, आता दोन दिवस पुरेल एवढंच पाणी भरते, स्विच अडकला तरी नुकसान तेवढ्यापुरतंच. आणि स्विचला जाळीचं झाकण घातलंय.

प्रश्न: माझं उलटं आहे, टँक २०० लिटरचाच, एटीओ आहे, लीक कुठंही नाही, तरी महिन्याभरात खारटपणा ३५ चा ३३.५ झाला. – एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमचा स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फार पातळ फेस काढतोय का? कपमध्ये दाट चहासारखं येतंय की फिकट पिवळं पाणी? फिकट असेल तर ते खारं पाणीच आहे, रोज ३०० मिली ओतून देत असाल तर महिन्याला ९ लिटर खारं पाणी गेलं आणि एटीओनं तेवढंच गोडं पाणी भरलं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार की उडालं का सांडलं. स्किमर जरा कोरडा चालवा, म्हणजे फेस दाट येईल असा, आणि कप रिकामा करताना मापून तेवढं मिठाचं पाणी घाला.

पण त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) तपासा. साध्या पाण्यावर शून्य आलं म्हणजे ३५ ला पण बरोबर दाखवेल असं नसतं, म्हणून ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड आणा, काचेवर दोन थेंब टाका, झाकणाखाली बुडबुडा राहू देऊ नका, मिनिटभर थांबा आणि उजेडाकडे धरून बघा, निळी रेघ ३५ वर नसेल तर वरचा स्क्रू किंचित फिरवून आणा. मी दर महिन्याला हे करते.

बाय द वे, शाळेच्या भूगोलात खारटपणाला क्षारता म्हणायचे आणि टँकवाले काहीजण अल्कलिनिटीलापण (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) क्षारताच म्हणतात. दोन्ही वेगळं आहे, दुकानात टेस्ट किट मागताना नीट सांगा.

प्रश्न: जुलैत अलिबागला जातोय, समुद्राचं पाणी आणून टँकमध्ये घालू का, आणि मिळाले तर एकदोन प्रवाळ? – एक वाचक, पनवेल

उत्तर: पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, गाळ तर विचारूच नका, त्यामुळे नको. टँकसाठीच्या मिठाच्या पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवा, बादलीत छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि मोजूनच घाला. स्वयंपाकाचं मीठ मात्र नाही, त्यात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. आणि प्रवाळ कुठल्याच किनाऱ्यावरून उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे, मालवणला स्नॉर्केलिंगला जाऊन पाण्यातच डोळे भरून बघा.