मिस्तरीला विचारा : जोंगा लेहला नेऊ का?

प्रश्न : मिस्तरी काका, राम राम. आम्ही तिघं मित्र, दोघं कापूसवाले शेतकरी आणि मी किराणा दुकानदार. दोन वर्षांपूर्वी मिलिटरी डिस्पोजलची पेट्रोल जोंगा जीप घेतली. मागे दोन लोखंडी खाटा, २०० लिटर पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, वर कॅरिअर असं सगळं बसवून घेतलं. जूनमध्ये मनालीमार्गे लेहला जायचं ठरलंय. गाडी गावात झकास चालते. बॉडीवाला म्हणाला, मिलिटरीची गाडी आहे, तिला काही होत नाही. तरी तुम्हाला विचारावंसं वाटलं. – एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, आधी एक सांगा, दोघं कापूसवाले आणि निघता जूनमध्ये? पेरणी कोण करणार, बॉडीवाला? पोळा करून निघा. तोवर आपल्याकडचा उन्हाळा सरलेला असतो आणि तिकडचा पाऊसही ओसरायला लागतो. उन्हाळ्याचं का म्हणतो, ते पुढे येईलच.

मी सोळा वर्षं फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, पाने फिरवले. त्यातली बरीचशी जोंगाच्या खाली पाठ टेकून. निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ पी-६० गाडीवरून आपल्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत ही गाडी बनायची. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, बैलासारखं ओढतं. १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तुमच्याकडची गाडी कितीही नवी म्हटली तरी पंचविशी ओलांडलेली. ‘मिलिटरीची गाडी, काही होत नाही’ हे अर्धं खरं. तिथं काही होत नव्हतं, कारण तिच्यामागे आमच्यासारखे चार जण ग्रीसगन घेऊन उभे असायचे.

आता वजन. पाणीच २०० किलो. खाटा, शेगडी, कॅरिअर, तुम्ही तिघं, तुमच्या घरची शेव अन् कळण्याचं पीठ. जवळच्या जिनिंगच्या काट्यावर भरलेली गाडी न्या. आधी पूर्ण तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. पुढचा आकडा वजा केला की मागच्या धुरीवर काय बसलंय ते कळतं. ते वजन सोसायला पाटे दबतात, पुढचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग तरंगायला लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत हे विसरू नका. उतारावर ते तापले की पाय खाली जातो आणि गाडी तशीच पळत राहते. टाकी ५० लिटरची करा. वाटेत पाणी मिळतं.

उन्हाळ्याचं आता. फौज सोडल्यावर एका गिऱ्हाइकाची जोंगा घेऊन मी मे महिन्यात इंदूरला निघालो होतो. पळासनेर सोडलं, बिजासन घाट चढताना गाडीनं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि बंद. सोबतचा पोरगा म्हणाला प्लग गेले. मीही वेडा, सहाही प्लग काढले, बोटं भाजून घेतली, तासभर गेला. प्लग कोरडे ठणठणीत. मागून शिरपूरकडचा एक ट्रकवाला थांबला. त्यानं पेट्रोलच्या पंपाला हात लावला, चटकन काढला आणि हसला, “मिस्तरी, गाडीले ऊन लागनं भो.” गोणपाट भिजवून त्यानं पंपावर गुंडाळलं, नळीवर बाटलीतलं पाणी ओतलं. दहा मिनिटांत गाडी चालू. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली होती, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. सोळा वर्षं फौजेत काढलेला मी, आणि दुखणं ओळखलं ट्रकवाल्यानं!

आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. त्यानं वाफ आणखी लवकर धरते. शिवाय जुना रबर फुगतो, पंपाचा डायफ्राम म्हणजे आतला पडदा कडक होतो, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून टाकी उतरवून धुवा. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाका. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी लांबून फिरवून घ्या आणि मध्ये पत्रा लावा. टाकीजवळ एक इलेक्ट्रिक पंप बसवला तर निम्मी चिंता मिटली, कारण तो पेट्रोल ढकलतो, ओढत नाही. डायफ्रामचा किट आणि तीन फिल्टर सोबत हवेतच. प्लगला ठिणगी देणारे कंडेन्सर आणि काँटॅक्ट पॉइंटही दोन-दोन ठेवा, ते खिशात मावतात.

पेट्रोलचा हिशेब मी तुमच्यासाठी करून ठेवलाय. टांडीचा पंप सोडला की पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही, अशी पाटी तिथं वर्षानुवर्षं उभी आहे. भरलेली जोंगा चढावर लिटरला चार देते असं धरा, म्हणजे ९१ लिटर लागले. कायद्यानं विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल सोबत नेता येतं, तेही धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरच्या वर नको. प्लॅस्टिकचे कॅन आणि गॅसची शेगडी एकाच खोक्यात घेऊन झोपणार असाल तर माझं उत्तर इथंच संपलं. उरलेले ६१ लिटर टाकीत बसायला हवेत. टाकी किती घेते ते कागदावर वाचू नका. रिकामी करा आणि पंपावर भरून बघा.

वरती हवा विरळ. दर हजार मीटरला इंजिनची साधारण दहा टक्के ताकद जाते, आणि वाटेतली तंगलंग ला खिंड आहे सुमारे ५३०० मीटरवर. म्हणजे तुमचा बैल तिथं निम्मा. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून काळा धूर येईल, प्लग काजळतील. तिकडचा मिस्तरी कार्बोरेटरमध्ये लहान जेट टाकून देतो, टाकू द्या. रेडिएटरचं झाकण मात्र नवं घ्या. त्या उंचीवर उघडं पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणानं दाब धरला नाही तर इंजिन तापायच्या आधीच पाणी बाहेर.

लेहच्या आधी तोरणमाळ. पूर्ण भरून, जेरीकॅनसकट, शहाद्याकडून सात पायरीचा घाट चढा. उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर या. खाली आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर अडकतोय. रात्री वरच गाडीत झोपून बघा. कोण घोरतं, खाट कुठं टोचते आणि शेगडी पेटवायच्या आधी ती बाहेर न्यायची आठवण कोणाला राहते, हे तोरणमाळलाच कळलेलं बरं. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपलात तर जो विषारी वायू साचतो त्याला वास नसतो. शेगडी गाडीच्या बाहेरच पेटवा.

जिनिंगच्या काट्याची पावती आणि तोरणमाळला किती लिटर लागलं, दोन्ही मला कळवा. मग पुढचं बोलू.

प्रश्न : आमच्या यजमानांना डिस्पोजलची जीप घ्यायची आहे. फौजेचा हिरवा रंग आणि बाण असलेला जुना नंबर तसाच ठेवायचा म्हणतात. चालेल का? – एक वाचक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : नाही, ताई. मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाणाचा नंबरही त्यांचाच. लिलावात गाडी घेताना फौजेच्या अधिकाऱ्यानं दिलेला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आरटीओत नोंदणीला तोच लागतो. सारंगखेड्याला घोडा घेताना आपण दात बघतो ना, तसा चेसिसवरचा नंबर त्या कागदाशी स्वतः ताडून बघा, दलालाला वाचायला लावू नका. रंगाचं म्हणाल तर यजमानांना विटकरी सुचवा. आपल्याकडच्या धुळीत तीन महिन्यांत जीप तशीही त्याच रंगाची होते.